प्रकल्प नोंदी: गूळ गाईला, हगवण वासराला

३ डिसेंबर

टी.वाय. बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय आज ठरला. मी ठरवला नाही, तात्यांच्या कालवडीने ठरवला.

तात्यांची संकरित गाय गेल्या आठवड्यात व्याली. व्यालेल्या गाईला बाजरीचा भरडा आणि गूळ हे आमच्याकडे ठरलेलंच. चौथ्या दिवशी कालवडीला पातळ हगवण लागली. तात्यांनी डोकं चालवलं. पोरांना जुलाब झाले की आपण साखर-मीठ-पाणी देतो ना, तसंच तांब्याभर पाण्यात गूळ आणि मीठ कालवून पाजलं. तासाभराने परत पाजलं. दुपारपर्यंत हगवण दुप्पट झाली आणि डोळे आत गेले.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, "काय पाजलंत?" गूळ ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "वासराला गूळ पचत नाही हो." तात्या ऐकणाऱ्यातले नाहीत. "हिच्या आईला रोज पाव किलो घालतोय. आईला पचतो आणि लेकराला पचत नाही होय?"

डॉक्टर घाईत होते. ग्लुकोजची इलेक्ट्रोलाइट पावडर दिली, कधी आणि किती ते सांगितलं आणि गाडीला किक मारली. संध्याकाळी कालवडीने मान वर केली. तात्यांचा प्रश्न मात्र गोठ्यातच राहिला, तो मी उचलला.

५ डिसेंबर

मॅडमना विषय सांगितला: नवजात जनावरांच्या आतड्यात कोणती साखर फुटते आणि कोणती नाही. त्यांना आवडला. "कसं दाखवशील?" मी फुशारकीने सांगितलं, बेनेडिक्ट टेस्ट, काही साखरा असल्या की लाल रंग देते ती.

मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुधातली साखर न फुटताही बेनेडिक्टला लाल रंग देते, धान्याच्या स्टार्चमधून निघणारी साखर, माल्टोज, तीही देते. फुटण्याआधी लाल आणि फुटल्यावरही लाल. त्यातून सिद्ध काय होणार?

म्हणजे फक्त ग्लुकोज ओळखणारं काहीतरी हवं. आमच्या घरी ते आहे: अण्णांचं ग्लुकोमीटर.

८ डिसेंबर

तीन दिवस वाचन. कामाचं तेवढं इथे.

दूध, ऊस आणि धान्य यांतल्या साखरा वेगळ्या. मराठीतली जुनी नावं किती सोयीची आहेत ते आत्ता कळलं. दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. इक्षुशर्करा म्हणजे आपली साखर, सुक्रोज: ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. द्राक्षशर्करा म्हणजे खुद्द ग्लुकोज. आमच्या तासगावात चारी बाजूंनी द्राक्षबागा, आणि हा शब्द मी कॉलेजात शिकले. जोडी तशीच्या तशी आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही, आधी तोडावी लागते. प्रत्येक जोडीची कात्री, म्हणजे एन्झाइम, वेगळी. दुग्धशर्करेची लॅक्टेज, साखरेची सुक्रेज, माल्टोजची माल्टेज.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे लॅक्टेज भरपूर असतं. माल्टेज थोडं. पिठातला स्टार्च तोडणारं, स्वादुपिंडातलं अमायलेज अगदी कमी, ते वयाबरोबर वाढतं. सुक्रेज मात्र नाहीच. कमी आहे असं नव्हे, नाही.

१९५७ साली डॉलर आणि पोर्टर या दोघांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं: लहान वासराला दुग्धशर्करा किंवा ग्लुकोज पाजलं की रक्तातली साखर वर जाते, उसाची साखर पाजली तर हलत नाही. तात्यांच्या गोठ्यात परवा घडलं ते सत्तरएक वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे.

पोटाचंही बघितलं. गाईची चार पोटं, पण वासराचं कोठीपोट, म्हणजे पहिलं पोट, जन्मतः लहान आणि रिकामं, चौथं पोट सगळ्यांत मोठं. वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या स्नायूच्या दोन कडा मिटतात, पन्हाळ तयार होते, आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटाकडे जातं. तिथे केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, गोळा होतो. खाली उतरणाऱ्या निवळीत दुग्धशर्करा. चाळीस किलोचं वासरू दिवसाला चार लिटर दूध प्यायलं तर जवळपास १९० ग्रॅम दुग्धशर्करा पोटात गेली. इतकी साखर रोज तोडायची तर कात्रीला धार हवीच.

११ डिसेंबर

सामान जमवणं. हा दिवस नोंदवहीत मोठा होणार.

दुग्धशर्करा कुठे मिळेल? रसायनांच्या दुकानात भाव ऐकून परत फिरले. मावशीने सुचवलं, होमिओपॅथीच्या दुकानात जा. तिथे 'सॅक लॅक' म्हणून पुड्यांत बांधायची पांढरी पावडर मिळते, ती शुद्ध दुग्धशर्कराच. गोड गोळ्या मात्र नको, त्या उसाच्या साखरेच्या. पाव किलो स्वस्तात मिळाली. जिभेवर ठेवून बघितली: साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकीच गोड लागते. माल्टोज कॉलेजच्या कपाटातून.

आतडं. गाईसारखाच रवंथ करणारा म्हणून बोकड. बाजारातल्या खाटीकमामांना म्हटलं, बोकडाचं बारीक आतडं पाहिजे, पोटाला लागूनचा वरचा हातभर भाग. ते म्हणाले, "वजडी हाय की, साफ करून ठेवलीय." मी म्हटलं साफ केलेली नको, गरम पाण्यातून काढलेली तर मुळीच नको, कापल्या कापल्या बर्फात हवी. त्यांनी माझ्याकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघितलं. "कॉलेजात ह्ये शिकवत्यात?" तरी दिली, पैसेही घेतले नाहीत. वजडी गरम पाण्यातून गेली की एन्झाइमं शिजून जातात हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मग खायला तीच बरी.

चिकन सेंटरवाल्याकडून कोंबडीचं आतडं. कोंबडी कशाला? पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं आणि त्याच दिवसापासून दाणा टिपतं. आईचं दूध ही भानगडच नाही. तुलनेला तिच्यापेक्षा चांगलं जनावर नाही.

१३ डिसेंबर

पहिला प्रयत्न, पूर्ण फसला.

आतडं उभं चिरलं, खारट थंड पाण्याने हलकं धुतलं, काचपट्टीच्या कडेने आतला बुळबुळीत थर खरवडला. एन्झाइमं त्याच थराच्या पेशींवर असतात. खलात बर्फाबरोबर घोटून मलमलीच्या कापडातून गाळलं. प्रत्येक नळीत दोन मिली हा अर्क आणि दोन मिली साखरेचं दोन टक्क्यांचं द्रावण. वॉटरबाथ म्हणून आईचा हॉटपॉट, पाणी ३९ अंशांवर, कारण शेळीच्या अंगाचं तापमान तेवढंच.

अर्धा तास थांबले आणि ग्लुकोमीटर लावलं. माल्टोजच्या नळीत आकडा एकदम वर. मी नाचायचीच बाकी होते. मग नियम म्हणून, अर्क न घातलेल्या नुसत्या माल्टोजच्या पाण्यातही पट्टी बुडवली. आकडा तितकाच वर!

पट्ट्यांच्या डबीतला घडी घातलेला कागद भिंगाखाली धरून वाचला. काही पट्ट्यांमधलं एन्झाइम ग्लुकोज आणि माल्टोज यांत फरक करत नाही, गॅलॅक्टोजलाही फसतं. अण्णांच्या पट्ट्या नेमक्या त्यातल्या. शिवाय माझ्या अकरा पट्ट्या वाया, आणि अण्णांचं "माझी साखर आता कशानं बघू?" हे जेवणभर ऐकलं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या घे. त्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, ते ग्लुकोजशिवाय कुणाला दाद देत नाही. आकडा मिळणार नाही, रंग मिळेल: निळ्याकडून हिरवा, हिरव्याकडून तपकिरी. रंग पुरे आहे मला.

१७ डिसेंबर

नवीन आतडी, नवीन पट्ट्या. या वेळी प्रत्येक साखरेसाठी तीन नळ्या: अर्क घातलेली, उकळून मारलेला अर्क घातलेली, आणि अर्काशिवाय. अर्कात मुळातच ग्लुकोज असेल तर, म्हणून एक नळी अर्क आणि नुसत्या पाण्याची.

तासाभराने बोकड: दुग्धशर्करेत फिकट हिरवा, माल्टोजमध्ये चांगला हिरवा, उसाच्या साखरेत निळ्याचा निळा. कोंबडी: बरोबर उलट. साखर आणि माल्टोज दोन्ही तपकिरी, दुग्धशर्करा ढिम्म. मारलेला अर्क कुठेच काही नाही.

दोन निळ्या नळ्या. एक बोकड आणि साखर, दुसरी कोंबडी आणि दूध. ज्याच्या कुळात जे खाणं कधी आतड्यापर्यंत पोचलंच नाही, त्याची कात्री कुळाने ठेवलीच नाही. असं मला वाटतं. मॅडम म्हणतात, अहवालात इतकं लांब उडू नकोस.

आवराआवर करताना वीज गेली. नळ्या हॉटपॉटमध्ये तशाच राहिल्या.

१८ डिसेंबर

सकाळी हॉटपॉट उघडला. आंबूस वास, नळ्यांच्या तोंडाशी बुडबुडे. फेकायच्या आधी सहज पट्टी बुडवली तर बोकड-साखरेची निळी नळी हिरवट! पोटात गोळा आला. कालचा निष्कर्ष खोटा?

खोटा नव्हता. आतड्याबरोबर आलेले जंतू रात्रभर उबेत वाढले होते. साखर आतड्याने फोडली नव्हती, जंतूंनी फोडली. जुन्या प्रयोगांत यासाठी टोल्युइनचे थेंब टाकत, जंतू थांबतात आणि एन्झाइम चालू राहतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून, पुन्हा केलं. टोल्युइन घातलेली नळी दुसऱ्या दिवशीही निळी, न घातलेली हिरवट आणि आंबूस.

मग दिवसभर तीच नळी डोक्यात. आंबलेली, फसफसणारी, उबदार. हीच नळी म्हणजे तात्यांच्या कालवडीचं आतडं होतं. न फुटलेली साखर बारीक आतड्यातून तशीच खाली मोठ्या आतड्यात जाते. एक तर ती स्वतः पाणी ओढते, आणि वर तिथले जंतू तिची आम्लं आणि वायू करतात. पाणी आत यायचं सोडून बाहेर जातं. कालवडीला पाणी पाजतोय असं तात्यांना वाटत होतं आणि गूळ तिचं पाणी काढत होता.

गुळात थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं असतं हे खरं, पण मुख्य भाग सुक्रोजच. माणसाच्या आतड्यात सुक्रेज आहे म्हणून साखर-मीठ-पाणी आपल्याला लागू पडतं: ग्लुकोज सुटतं, ते मिठातल्या सोडियमला हाताशी धरून आत शिरतं आणि मागून पाणी येतं. वासराला ग्लुकोज सुटंच द्यावं लागतं.

२६ डिसेंबर

आज लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

काळ्या शेळीला परवा जुळी झाली. उस्मानाबादी शेळीला जुळी नवी नाहीत. एक करडू बारीक होतं. दोन दिवस प्यालं, काल रात्रीच्या थंडीत गेलं. आजी म्हणाली, "पुरून टाक आधी. त्याला आणि काय चिरतीस." मी गप्प बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "कुणाच्या कामी येणार असलं तर बघ."

डॉक्टरांनी येऊन तपासलं, शवविच्छेदन केलं, रोगाचं काही नव्हतं. बारीक आतड्याचा वरचा तुकडा बर्फातून कॉलेजात नेला.

पंधरा मिनिटांत दुग्धशर्करेची पट्टी तपकिरी. बोकडाला तासाभरात फिकट हिरवा आला होता, तो रंग इथे पहिल्याच तपासणीत मागे पडला. माल्टोज जेमतेम हिरवट. साखर निळी, टोल्युइनसह दुसऱ्या दिवशीही निळी.

दोन दिवसांचं करडू आणि वर्षाचा बोकड, त्यांच्यातला फरक दोन पट्ट्यांत शेजारी शेजारी दिसतो. एकच जनावर, म्हणून यावरून फार काही म्हणता येणार नाही. दुसरं मिळावं अशी माझी इच्छाही नाही.

उरलेलं करडू आईला चिकटून झोपलंय.

९ जानेवारी

आजीची शंका. "आमी तर वासरांना पेज पाजून वाढवली. दूध डेरीला आणि वासराला कण्यांची पेज. ती काय मेली न्हाईत."

बरोबर आहे, सगळी मेली नाहीत. किती वाळली, किती खुरटली ते कुणी मोजलं नाही. पण आजीला असं तोंडावर म्हणणारी मी कोण, म्हणून वाचत बसले आणि एक गंमत सापडली.

तोच स्टार्च, पण कसा पोटात गेला त्यावर सगळं. पेज दुधासारखी चोखून पाजली की पन्हाळ मिटते आणि पेज थेट चौथ्या पोटात, तिथून बारीक आतड्यात. पहिल्या आठवड्यात तिथे तिला तोडणारं फारसं कुणी नाही. तेच धान्य भरडून कोरडं, काफ स्टार्टर (वासराचं कोरडं खाद्य) म्हणून वासराने चघळलं तर पन्हाळ मिटत नाही. दाणा कोठीपोटात पडतो. तिथे आईच्या चाटण्यातून, गवतातून, गोठ्यातल्या मातीतून जंतू येऊन वसलेले असतात. ते दाणा आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांनी, विशेषतः ब्युटिरिक आम्लाने, कोठीपोटाच्या आतली लव वाढते. चारा पोटाला ताणतो, लव वाढवायला दाणा लागतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर स्टार्टर पुढ्यात ठेवा असं सांगतात ते त्यासाठी.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे पातळ करून द्यायचं न्हाई, कोरडं टाकायचं. हे आदी सांगायचं." पन्नास वर्षं आधी सांगायला हवं होतं, मी नव्हते.

(डुकराच्या पिल्लाचं इथेच टिपून ठेवते. त्यालाही जन्मतः सुक्रेज जवळपास नसतं, पहिल्या दिवसांत साखर पाजली तर जिवावर बेततं. पण दोन आठवड्यांत त्याचं सुक्रेज वाढतं. वासराचं, करडाचं, कोकराचं कधीच येत नाही.)

२१ जानेवारी

आमची कपिली पहाटे व्याली, खोंड झाला.

शेजारच्या बापूंकडून रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला होता, द्राक्षमण्याची गोडी बघतात तो. पहिल्या धारेच्या चिकाचा थेंब भिंगावर टाकला: २४ ब्रिक्स. अण्णा चमकले. "अगं, आपल्या सोनाका द्राक्षाला २० आलं तर आपण पेढे वाटतो. चीक इतका गोड?"

चाखायला दिला. गोड नाही, खारट-तुरट. या यंत्राला साखर कळत नाही, द्रावणातून प्रकाश किती वाकतो तेवढंच कळतं. द्राक्षाच्या रसात प्रकाश वाकवते ती साखर, चिकात प्रथिनं. २२ च्या पुढे आकडा आला तर चिकात रोगप्रतिकारक प्रथिनं पुरेशी आहेत असं धरतात. उलट, दुग्धशर्करा चिकात नेहमीच्या दुधापेक्षा कमी असते. दुधात पाणी किती उतरायचं ते ही साखरच ठरवते. साखर कमी म्हणून पाणी कमी, म्हणून चीक घट्ट.

पहिल्या तासात दोन लिटर, दुपारी परत दोन. ती प्रथिनं न तुटता रक्तात शिरण्याची वाट साधारण चोवीस तासांत बंद होते, त्यामुळे इथे उशीर परवडत नाही. आजीने वासराच्या टाळूला गुळाचं बोट लावलंच. मी काही बोलले नाही. बोटभर गुळाने काही होत नाही, तांब्याने होतं.

खरवसाची मागणी तीन घरांतून आली. मी सांगितलं, पहिल्या दिवसाचा चीक खोंडाचा, उद्याचा उरला तर तुमचा.

२ फेब्रुवारी

अहवाल लिहून झाला. तात्यांना उत्तर द्यायचं होतं, म्हणून संध्याकाळी गोठ्यात गेले. कालवड दोन महिन्यांची झालीय, स्टार्टर खाते, माझ्या ओढणीचा शेव चघळते.

म्हटलं, तात्या, तुमचा प्रश्न चुकला होता. गूळ आईलाही पचत नाही. तिच्या आतड्यातही ती कात्री नाहीच, बोकडाच्या आतड्यात शोधली मी, सापडली नाही. पण तिचं कोठीपोट म्हणजे शंभर लिटरच्या पुढची टाकी, जंतूंनी भरलेली. गूळ आतड्यापर्यंत पोचतच नाही, वाटेत जंतू खातात. त्यांच्यापासून जी आम्लं निघतात त्यांवर गाय जगते. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचं यकृत ग्लुकोज बनवतं, आणि त्या ग्लुकोजपासून कास परत दुग्धशर्करा.

तात्या बराच वेळ गाईच्या पोटाकडे बघत होते. "म्हंजे इतकी वर्षं मी गूळ गाईला घालत नव्हतो. जंतूंना घालत होतो."

"हो."

"आनि त्यांना जास्ती झाला तर?"

पोट आंबतं, गाय चारा सोडते, जिवावरही बेतू शकतं. पाव किलोने काही होत नाही. हे सांगितल्यावर तात्यांनी हातातला खडा अर्धा मोडला, अर्धा गाईला दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला.

रात्री बापूंचा फोन आला. रिफ्रॅक्टोमीटर परत दिला तेव्हा भिंग नीट पुसलं नव्हतं, वर वाळलेल्या चिकाचा पापुद्रा. त्यांनी त्यावरच बागेतला घड तपासला, आकडा धूसर, व्यापारी समोर उभा. उद्या सकाळी कोमट पाणी आणि मऊ फडकं घेऊन बापूंच्या बागेत.